'केमिकल लोचा' आला कुठून? सर्पगंधा ते सेरोटोनिन

'लगे रहो मुन्नाभाई' 2006 मध्ये आला आणि 'केमिकल लोचा' हा शब्द आपल्या कट्ट्यावर कायमचा मुक्कामाला राहिला. डिप्रेशन का होतं, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "मेंदूत सेरोटोनिन कमी पडतं." हे वाक्य आलं कुठून, याचा माग काढत मी पोचलो कुठे, तर थेट परळला, केईएम हॉस्पिटलात.

आपल्याकडे सर्पगंधाचं मूळ पूर्वापार झोप येण्यासाठी आणि वेडावर देत. उत्तरेत तर तिला 'पागल की दवा' म्हणायचे. 1931 मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या कलकत्त्याच्या डॉक्टरांनी लिहिलं, की याने ब्लडप्रेशरही उतरतं. मग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 50 बीपीच्या पेशंटवर ती वापरून पाहिली आणि 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख छापला. परदेशात खळबळ! 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत या मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते गंभीर मनोरुग्णांना दिलं. 1957 चा लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन, दोघांनाही मिळाला. आता सांगा, आपल्यातल्या किती जणांनी वकिलांचं नाव ऐकलंय?

बरं, पुढे गंमत झाली. रिसर्पिन घेणारे काही बीपीचे पेशंट उदास व्हायला लागले. 1955 मध्ये अमेरिकेत सशांवरच्या प्रयोगात दिसलं, की हे औषध सेरोटोनिनचा साठाच रिकामा करतं. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात उलटा प्रकार चालू होता. इप्रोनियाझिड हे टीबीचं नवं औषध घेतलेले पेशंट एकदम तरतरीत झाले. ते औषध असली रसायनं मोडू देत नाही, असं कळलं. झालं! एकाने रसायन घटतं, माणूस उदास होतो. दुसऱ्याने वाढतं, माणूस खुलतो. 1965 च्या आसपास यावरून सिद्धांत उभा राहिला, आधी नॉरअॅड्रिनलिनचा, मग सेरोटोनिनचा. 1987 मध्ये अमेरिकेत प्रोझॅकला परवानगी मिळाली आणि पुढचं काम जाहिरातींनी केलं.

पण भोकं तेव्हापासूनच होती. त्याच 1955 मध्ये लंडनच्या दोन डॉक्टरांनी चिंताग्रस्त आणि उदास पेशंटपैकी काहींना रिसर्पिन दिलं, काहींना नुसती खोटी गोळी. रिसर्पिनवाल्यांना चक्क बरं वाटलं! सिद्धांताच्या बरोब्बर उलट. त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. दुसरं भोक वेळेचं. आजच्या गोळ्या काही तासांतच सेरोटोनिनवर काम सुरू करतात, मन हलकं व्हायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. 2022 मध्ये सगळ्या जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. सेरोटोनिन कमी असल्यामुळे डिप्रेशन होतं, याचा ठोस पुरावा त्यात सापडला नाही.

आणि इथे मला खरी काळजी वाटते. ही बातमी रील्समध्ये आली ती "गोळ्या म्हणजे फसवणूक" अशी. माझ्या एका मैत्रिणीनं तशी रील बघून गोळ्या एका दिवसात बंद केल्या. आठवडाभर गरगरणं, झोप नाही, डोक्यात करंट बसल्यासारखं.

अहो, ताप क्रोसिननं उतरतो, म्हणून ताप काही क्रोसिनच्या कमतरतेनं येत नाही. म्हणून आपण क्रोसिन फेकून देतो का? डिप्रेशन जरा जास्त असेल तर या गोळ्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरतात, हे चाचण्यांत दिसलंय. समुपदेशनाचाही उपयोग होतो. कारणं मात्र एका रसायनात मावत नाहीत. त्यात घराण्याचा वारसा असतो, लहानपणीचे घाव असतात, कुणाचं जाणं, एकटेपणा, डोक्यावरचं कर्जही असतं. 'लोचा' या शब्दानं एक चांगलं केलं, हे मी मानतो: "मनानं कमकुवत आहेस" हा टोमणा थोडा बोथट झाला.

मैत्रीण परत डॉक्टरांकडे गेली. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली, आणि काही महिन्यांनी हळूहळू डोस उतरवत बंद केली. तुमच्यापैकी कुणाला बोलायचं असेल, तर सरकारचा टेली मानस नंबर 14416 आहे. फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं.