अँटिहिस्टामिन औषधे आणि यकृताची इजा

अँटिहिस्टामिन औषधांमुळे होणारी यकृताची इजा हा औषधजन्य यकृतविकाराचा दुर्मीळ प्रकार आहे. शिंका, वाहते नाक, खाज व अंगावर उठणारे पित्त यांवर सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, क्लोरफेनिरामिन ही औषधे दिली जातात. (अंगावर उठणाऱ्या या 'पित्ता'चा यकृतातील पित्तरसाशी संबंध नाही.) नेहमीच्या मात्रेत ही औषधे बहुतेकांच्या यकृतास अपाय करीत नाहीत.

स्वरूप

सेटिरिझिनमुळे कावीळ झाल्याच्या मोजक्या घटना वैद्यकीय साहित्यात आहेत. ती काही आठवड्यांनी वा महिन्यांनी उद्भवते आणि औषध थांबवल्यावर सहसा पूर्ण बरी होते. फेक्सोफेनाडिनशी असा संबंध खात्रीने जोडला गेलेला नाही. सेटिरिझिन मुख्यतः मूत्रावाटे आणि फेक्सोफेनाडिन मलावाटे, बहुतांशी मूळ रूपातच बाहेर पडते. लोराटाडिनचे रूपांतर मात्र यकृतात होते. टर्फेनाडिन हे जुने औषधही यकृतातच रूपांतरित होई. यकृतविकारामुळे किंवा एरिथ्रोमायसिनसारख्या औषधामुळे हे काम अडले की ते रक्तात साचून हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडत. १९९८ साली अमेरिकेत ते बाजारातून काढण्यात आले. फेक्सोफेनाडिन हे त्याचेच यकृतात तयार होणारे रूप होय.

यकृत सुकलेल्या (सिरोसिस) रुग्णांत क्लोरफेनिरामिनसारख्या झोप आणणाऱ्या औषधांनी गुंगी वाढते, आणि यकृतविकारामुळे येणारी भ्रमावस्था लक्षात येण्यास उशीर होतो.

निदानातील गफलत

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत पावसाळ्याची ओल, बुरशी आणि घरातील धुळीतले सूक्ष्म कीटक यांमुळे ॲलर्जीचा त्रास वाढतो. दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ए व ई आणि साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस यांचाही हाच हंगाम. त्यामुळे सर्दीची गोळी घेणाऱ्यास कावीळ झाली, तर दोष गोळीवर टाकण्याआधी या संसर्गांच्या तपासण्या आवश्यक ठरतात.

याहून फसवी गोष्ट उलट दिशेची आहे. पित्तरसाचा प्रवाह अडला असता डोळे पिवळे होण्यापूर्वीच अंगाला खाज सुटू शकते. पुरळ नसलेली अशी खाज ॲलर्जी समजून दुकानातून परस्पर सेटिरिझिन घेतले जाते. पुढे कावीळ दिसली की ती औषधाने झाली असे वाटते. वास्तविक औषधाआधीच आजार सुरू झालेला असतो. खाजेसोबत गडद लघवी, पांढुरकी शौच, अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे असल्यास यकृताची रक्ततपासणी करावी लागते.

सोबतचे घटक

सर्दीच्या अनेक गोळ्यांत अँटिहिस्टामिनबरोबर ३२५ किंवा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. तापासाठी त्याच दिवशी वेगळी पॅरासिटामॉलची गोळी घेतल्यास मात्रा नकळत वाढते. प्रौढांसाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा ४ ग्रॅम मानली जाते. मद्यपी, कुपोषित व यकृतरुग्णांसाठी ती याहून कमी असते. अतिमात्रेत पॅरासिटामॉल यकृत निकामी करू शकते. म्हणून वेष्टनावर ब्रँडच्या नावाखालचे घटक वाचणे अधिक महत्त्वाचे.

काढे व वनस्पतिजन्य औषधे यांची माहितीही डॉक्टरांस द्यावी लागते. कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या मुंबईतील सहा रुग्णांच्या यकृताच्या इजेची नोंद २०२१ साली प्रसिद्ध झाली; आयुष मंत्रालयाने मात्र गुळवेलीशी जोडलेला हा संबंध अमान्य केला.

नोंदणी

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद भारतीय औषधदक्षता कार्यक्रमात केली जाते. २०१० साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे समन्वय केंद्र गाझियाबाद येथे आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णांनाही नोंद करता येते.