घंटेनंतरचे दोन तास

नीरा डावा कालवा १८८५ साली वाहता झाला. भाटघरच्या धरणाचं पाणी बारामतीवरून इंदापूरकडे आलं, सासवडचे माळी बागाईतदार खंडानं जमिनी घेऊन ऊस लावू लागले आणि हळूहळू घराघरांत संध्याकाळच्या कामांची नवी वाटणी झाली. शाळेतून आलेल्या पोरानं दप्तर टाकायचं आणि पाण्याची पाळी असेल तर दारं धरायला जायचं. पोरीनं वैरण आणायची, धाकट्याला सांभाळायचं. बारामतीच्या जिराईत अंगाला, सुपे-मोरगावकडे, पाणीच नव्हतं. तिथे शेरडं आणि घागरी. पोर घरी राहिलं की कामाला जुंपलं जाणारच. त्याला स्वतःची संध्याकाळ मिळवून द्यायची तर त्याला घराबाहेर ठेवणं भाग होतं, आणि म्हणून आमच्या भागात शाळेनंतरच्या सोयीचा इतिहास बोर्डिंगापासून सुरू होतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग उघडलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत, स्वतः राबून शिकत. त्याच धर्तीची बोर्डिंगं पुढे गावोगाव निघाली. माझे थोरले मामा अशाच एका बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले. पाच ते सात या वेळात तिथे काय चाले, ते त्यांच्याकडून मी अनेकदा ऐकलं. आधी मळ्यात काम, मग आंघोळ, मग प्रार्थना आणि कंदिलाभोवती अभ्यास. पण ते सगळ्यात जास्त बोलत ते रेक्टरांबद्दल. कोणतं पोर भाकरी अर्धी टाकून उठलं, कोण दोन दिवस गप्प आहे, हे त्या माणसाच्या बरोबर लक्षात येई. रात्री ते त्या पोराला शेजारी बसवून घेत आणि घरचं विचारत. याला कुणी समुपदेशन म्हणत नव्हतं. नेमणुकीच्या कागदावरही ते काम नसणार. त्या एका माणसाचा स्वभाव तसा होता, एवढंच.

माझे वडील वालचंदनगरला टर्नर होते. वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर १९३४ च्या सुमारास साखर कारखाना उभा केला, पुढे तिथेच साखर कारखान्यांची यंत्रं बनू लागली आणि त्याच गावातून इस्रोच्या अग्निबाणांचे भागही गेले. शेतकऱ्याच्या पोराला लेथवर उभं राहून हाताला वळण लावण्याची जागा इथे मिळाली. वडील सांगत, पहिलं वर्षभर उस्तादानं फक्त कानस चालवायला लावली. १९५० च्या दशकात माळेगाव आणि भवानीनगरचे सहकारी कारखाने निघाले. बारामतीत १९६२ मध्ये तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आलं, १९७१ मध्ये अप्पासाहेब पवारांचा कृषी विकास ट्रस्ट आणि दुष्काळाच्या वर्षी, १९७२ मध्ये, विद्या प्रतिष्ठान. त्यानंतर आयटीआय, एमआयडीसी, अभियांत्रिकी महाविद्यालय. पोटापाण्याची वाट दाखवणाऱ्या संस्था एवढ्या दाटीनं फार थोड्या तालुक्यांना मिळाल्या, आणि ज्यांनी त्या उभ्या केल्या त्यांचं ऋण मी मनापासून मानते.

मनाची सोय मात्र त्या रेक्टरांच्या स्वभावावरच राहिली. बोर्डिंगं ओस पडली, एसटी गावोगाव पोचली, मुलं घरून ये-जा करू लागली आणि ती शेजारी बसवून घेणारी माणसं मागे पडली. त्यांच्या जागी कुणी आलं नाही.

सरकारनं काही पावलं टाकली. दहावीत नापास झालेल्याचं पूर्ण वर्ष बुडायचं. २०१५ पासून जुलैत फेरपरीक्षा होऊ लागली. मी शिकवत असताना नापासाचा निकाल म्हणजे कित्येक मुलींच्या लग्नाची तारीख असायची, त्यामुळे हा बदल मला फार मोठा वाटतो. २०१६ मध्ये शिक्षण मंडळानं श्यामची आई फाउंडेशनच्या साहाय्यानं राज्यभर दहावीची कल चाचणी घेतली. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे, ते कागदावर यायचं.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचा कल गणवेशधारी सेवेकडे निघाला. तो कागद घेऊन आनंदानं घरी गेला आणि आठवडाभरात पार मिटून गेला. डबा खाईना. शाळा सुटल्यावर मी त्याला थांबवून घेतलं, तेव्हा बऱ्याच वेळानं बोलला. पोलीस भरतीला १६५ सेंटिमीटर उंची लागते, आपली भरणार नाही आणि वडिलांनी तर भरतीच्या अकॅडमीचे पैसेही भरलेत, ही धास्ती होती. उंची वाढायचं वय अजून सरलेलं नव्हतं. नाहीच वाढली तर पुढे काय, हेही आम्ही दोघांनी बसून कागदावर मांडलं. वडिलांना बोलावलं. तो पुढे आयटीआयला फिटर झाला. चाचणीनं आपलं काम चोख केलं होतं. तिचा निकाल हातात घेऊन पोराशेजारी बसणारं माणूस नेमायचं राहून गेलं होतं. करिअर आणि मन या गोष्टी पंधराव्या वर्षी एकाच पोरात एकाच वेळी असतात. त्यांच्यासाठी वेगवेगळी खाती करून चालत नाही.

मुलींना तर असं थांबवून घेणंही अवघड. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास हातात असला तरी पाचनंतरची गाडी चुकली की पुढची अंधारातली, आणि अंधारात आलेल्या मुलीची शाळा सुटायला एक दिवस पुरतो. शाळेनंतरचा कुठलाही उपक्रम आखताना आधी आगाराचं वेळापत्रक समोर ठेवा, असं मी प्रत्येक बैठकीत सांगत आले.

आज ग्रामीण रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. दोन्ही चांगल्या सोयी आहेत, पण पोर तिथवर पोचण्याआधी कुणीतरी त्याला ओळखलेलं असावं लागतं. म्हणून बारामती-इंदापूरच्या मुख्याध्यापकांना, सरपंचांना आणि कारखान्यांच्या संचालकांना माझी विनंती आहे: शाळेतली एक खोली सातपर्यंत उघडी ठेवा, तिथे बसणाऱ्या शिक्षकाला त्या वेळेचं मानधन द्या, आणि मुलींना घरी सोडणारी एक गाडी सव्वासातला लावा.