मराठी ख्रिस्ती घरांतील बाप

मराठी वाङ्मयांत आईचें राज्य केवढें विस्तीर्ण आहे आणि बापाचा मुलूख किती अरुंद आहे, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. संतांनीं विठोबाची विठाई केली, ज्ञानेश्वरांस माउली म्हटलें. आणि 1935 सालीं ‘श्यामची आई’ प्रसिद्ध झाली तेव्हां त्या घरांतील वडील कर्जाच्या ओझ्याखालीं वाकलेले, कडेला उभे राहिलेलेच आपणांस दिसले. बापाविषयीं आपल्याकडे आदर आहे, धाक आहे, पितृपंधरवडा आहे. परंतु बापाची माया हा विषय आपल्या लेखकांनीं क्वचितच हातीं घेतला. अशा ह्या भाषेंत ख्रिस्ती धर्म आला आणि त्यानें ईश्वरास हांक मारण्यासाठीं जो शब्द पुढें केला तो ‘बाप’ हा. ज्ञानदेवांच्या नाममुद्रेंतही बाप आहे, हें आम्ही विसरत नाहीं. पण वारकऱ्याच्या ओठीं बसली ती माउलीच. तेव्हां ज्यांनीं एकोणिसाव्या शतकांत हा शब्द रोजच्या प्रार्थनेंत घेतला, त्यांच्या स्वतःच्या घरांत बाप कसा होता, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. चांगला बाप कोणास म्हणावें, ह्याविषयीं ख्रिस्ती उपदेशकांनीं पुष्कळ लिहिलें आहे. आम्हांस उपदेशापेक्षां इतिहास अधिक बोलका वाटतो.

ह्या इतिहासाच्या दारांतच एक विपरीत गोष्ट आडवी येते. स्वर्गांतील बापाकडे जाण्यासाठीं ह्या मंडळींस घरांतील बापाला सोडावें लागलें. 1843 सालीं मुंबईंत नारायण शेषाद्रि ह्या परळीकर ब्राह्मण तरुणानें ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तो वयांत आलेला होता. त्याच्यापुढें बापाचा इलाज चालला नाहीं. परंतु त्याचा धाकटा भाऊ श्रीपति हाही मिशनच्या घरीं राहूं लागला होता आणि त्याचें वय बारा वर्षांच्या आसपास होतें. बापानें सुप्रीम कोर्टांत धांव घेतली. कोर्टापुढें प्रश्न कोणता धर्म खरा हा नव्हता. अज्ञान मुलावर हक्क कोणाचा, एवढाच होता. निकाल बापाच्या बाजूनें झाला आणि मुलगा त्याच्या स्वाधीन करण्यांत आला.

मिशनच्या मंडळींस हा निकाल जाचला, तें स्वाभाविक होतें. आमची सहानुभूति मात्र त्या बापाकडे जाते, आणि ती ख्रिस्ती दृष्टीनें पाहिलें तरी त्याच्याकडेच जावी असें आम्हांस वाटतें. ज्या शुभवर्तमानांत उधळ्या पुत्राचा दृष्टान्त आहे, त्याच्या वाचकानें कोर्टाच्या पायऱ्या चढणारा हा म्हातारा ओळखावयास नको काय? दृष्टान्तांतील बाप परत येणारा मुलगा दुरून दिसतांच धांवत सुटतो आणि घरांत मेजवानी घालतो. परळीकरांचा मुलगाही परत आला; पण मेजवानीचेंच अडलें. त्यानें पाद्र्यांच्या घरीं अन्न घेतलेलें. त्याला पंक्तीस बसवावयाचें कसें? बाळशास्त्री जांभेकरांनीं प्रायश्चित्त देऊन त्यास शुद्ध करून घ्यावें, असा पक्ष उचलला आणि त्यापायीं सनातनी मंडळींचा रोष पत्करला. शहरभर वाद माजला. शास्त्रार्थाच्या त्या धुमाळींत बापाच्या मनाचें काय झालें असेल, ह्याची विचारपूस करण्यास कोणास सवड नव्हती. कायद्यानें त्याला मुलगा दिला; ताट द्यावयाचें तें जातीच्या हातांत होतें.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुलांनीं आईबापांची आज्ञा पाळावी, हें जगांतील कोणत्या धर्मानें सांगितलें नाहीं? पौलाच्या पत्रांत नवें आहे तें त्यापुढचें. बापांनीं मुलांस चिडवूं नये, त्यांचें मन खचूं देऊं नये, असें तो इफिस व कलस्सै येथील मंडळ्यांना बजावतो. रोमन कायद्यांत कुटुंबप्रमुखास मुलांच्या जिवावर सत्ता होती. नुकतें जन्मलेलें मूल स्वीकारावें कीं टाकावें, हें तो ठरवीत असे. त्या साम्राज्याच्या भर बाजारांत बापालाच मर्यादा घालणारें हें वाक्य लिहिलें गेलें. आपल्याकडेही सोळावें वर्ष लागल्यावर मुलास मित्राप्रमाणें वागवावें असें सुभाषित आहेच. मात्र त्याआधींच्या पंधरा वर्षांपैकीं दहा वर्षें तें ताडनासाठीं राखून ठेवतें, आणि आमच्या पिढीच्या शाळामास्तरांनीं सुभाषिताचा तेवढाच भाग पाठ केला असावा!

तरीही चांगल्या बापाचें जें सर्वांत हृदयस्पर्शी चित्र एका मराठी ख्रिस्ती लेखणींतून उतरलें आहे, तें ख्रिस्ती बापाचें नव्हे. पंडिता रमाबाईंनीं 1883 सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला, आणि पुढें कितीतरी वर्षांनीं, 1907 च्या सुमारास, आपल्या श्रद्धेची कहाणी लिहितांना त्यांना आठवण झाली ती अनंतशास्त्री डोंगऱ्यांची. बायकोला संस्कृत शिकविल्यापायीं लोकांचा रोष ओढवून घेणारा हा शास्त्री, म्हातारपणीं बायकामुलांना घेऊन तीर्थोतीर्थीं पुराणें सांगत हिंडत असतां 1874 च्या सुमारास दुष्काळांत अन्नावांचून खंगून मेला. मरण्यापूर्वीं त्यानें पंधरासोळा वर्षांच्या ह्या धाकट्या लेकीला जवळ घेतलें, आपलें तिच्यावर किती प्रेम आहे तें सांगितलें, आणि अब्रूनें राहा व देवाची सेवा कर एवढेंच मागणें मागितलें. मुलीचें लग्न राहिलें, ह्याची खंत त्या निरोपांत नाहीं. रमाबाईंनीं बापाचा धर्म सोडला, परंतु बापाची शेवटची आज्ञा आपण पाळली अशीच त्यांची अखेरपर्यंत समजूत होती. ह्या दोहोंत विरोध आहे असें ज्यांस वाटेल त्यांनीं खुशाल वाटून घ्यावें. आम्हांस तो दिसत नाहीं.

आतां ज्यांच्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे वळूं. टिळकांचा जन्म 1861 चा. त्यांचे वडील वामनराव तापट आणि कठोर. आई जानकीबाई मायाळू, कवितेची आवड असलेली. आई गेली तेव्हां टिळक लहान होते, आणि ती गेल्यावर त्या घरांत राहण्यासारखें त्यांना कांहीं उरलें नाहीं. ते घर सोडून नाशकास आले. अशा माणसाला ईश्वर हा बापासारखा आहे असें सांगितलें, तर त्याच्या मनांत कोणती मूर्ति उभी राहील? टिळकांनीं ह्याचें उत्तर आपल्या अभंगांत दिलें आहे. त्यांनीं ख्रिस्तालाच गुरुमाउली केलें. पाश्चात्य वाचकांना ह्यांत पौर्वात्य अलंकार दिसला. आम्हांस त्यांत एक पोरकें मूल दिसतें. बाप ह्या शब्दांत जी माया त्याला सांपडली नव्हती, ती त्यानें आईच्या घरून आणून तेथें ठेवली.

परंतु अभंगांत जें साधतें तें ओसरीवर साधतेंच असें नाहीं. महाराष्ट्रानें टिळकांना फुलामुलांचे कवि म्हटलें. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तले टिळक मात्र क्षणांत भडकणारे, रागानें घर सोडून जाणारे, हातांत आलेला पैसा दुसऱ्याच्या हातावर ठेवून मोकळे होणारे आहेत. वामनरावांचा राग वारशानें आला होता. आम्ही हें पुस्तक अनेक वर्षें वर्गांत शिकविलें; विद्यार्थी हंसतात त्या ठिकाणींही आम्हांस पुष्कळदां हंसूं आलें नाहीं, कारण त्या विनोदाखालीं एका बाईचा रिकामा डबा वाजत असतो.

ह्याच गृहस्थानें 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या वेळीं मुलगा दत्तू चार वर्षांचा होता. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन आप्तांकडे राहिल्या आणि नवराबायकोची ताटातूट कांहीं वर्षें टिकली. आतां 1843 चा तो खटला पुन्हा आठवावा. तेथें कायदा बापाच्या बाजूला होता. येथेंही तो बापाच्याच बाजूला होता. 1850 च्या एकविसाव्या कायद्यानें धर्मांतर करणाराचे हक्क शाबूत राखले होते आणि धर्म बदलल्यानें बापाचें पालकत्व जात नाहीं, असें न्यायालयांनीं त्याच्या आधारें पुढें ठरविलें होतें. टिळकांना दत्तूवर दावा सांगतां आला असता. मिशनमध्यें वकिलांची ओळख करून देणारे लोक कांहीं कमी नसतील. टिळक कोर्टांत गेले नाहींत. ते पत्रें लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. पुढें लक्ष्मीबाई आपण होऊन त्यांच्याकडे गेल्या, आणि गेल्यावरही त्यांनीं लगेच धर्म बदलला नाहीं. 1900 सालीं, स्वतःच्या मनाची खात्री झाल्यावर, त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. घरांत चीजवस्तूवरून आकाशपाताळ एक करणारा हा मनुष्य, जेथें हक्क पूर्णपणें त्याचा होता तेथें हात आंखडून बसला. टिळकांच्या सगळ्या चरित्रांत आम्हांस ही गोष्ट त्यांच्या कवितेहून मोठी वाटते. ह्याच पित्याच्या ‘बापाचे अश्रू’ ह्या कवितेची वाखाणणी पुष्कळांनीं केली. पण ह्या न दाखल केलेल्या दाव्याकडे कोणी फारसें पाहिलेलें नाहीं.

त्यांच्या घराचें दार पुढें परक्या मुलांसाठींही उघडेंच राहिलें. 1907 सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत धरणगांवच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्या पोरसवदा मुलास बालकवि ही पदवी मिळाली. टिळक त्या संमेलनांत होते. त्यानंतर ठोमरे नगरला टिळकांच्या घरीं राहिले, रुसले, लाड करून घेतले, निघून गेले. ‘स्मृतिचित्रां’त लक्ष्मीबाई त्यांच्याबद्दल लिहितात तें पोटच्या मुलाबद्दल लिहावें तसें. आणि ठोमरे हिंदु होते ते हिंदुच राहिले. ज्या काळांत मिशनच्या घरीं राहिलेला मुलगा म्हणजे बाटलेला मुलगा असा हिशेब ठरलेला होता, त्या काळांत हें लहानसहान नव्हे. शेषाद्रींच्या बापाला असा यजमान भेटता, तर त्याला कदाचित् कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

खानदेशाचें नांव निघालें म्हणून एक सांगून ठेवतों. आम्हीं घेतलेलीं हीं सारीं उदाहरणें ब्राह्मण घरांतलीं आहेत; कारण लेखणी त्यांच्या हातांत होती. मराठी ख्रिस्ती समाज त्याहून फार मोठा आहे. नगर जिल्ह्यांतील महार-मांग कुटुंबें पुष्कळ ठिकाणीं सहपरिवार ख्रिस्ती झालीं. तेथें बापाला सोडण्याचा प्रश्न ह्या रूपानें आला नाहीं. आणि सातपुड्यांत, अक्राणींतल्या धडगांवच्या बाजूला, भिल्ल आणि पावरा लोकांत तर बापपणाचा हिशेबच निराळा. तेथें हुंडा नाहीं, देज आहे. मुलीचा बाप वरपक्षाकडून द्रव्य घेतो. पुण्याच्या बापाला मुलगी हें ओझें वाटे, धडगांवच्या बापाला तिचें मोल कळे. पण मोल कळणें आणि मन कळणें ह्यांत अंतर राहतेंच, आणि पौलाचें तें वाक्य तेथें मुलापेक्षां मुलीच्या कामीं अधिक यावें. ह्या बापांनीं आत्मचरित्रें लिहिण्याची चाल नव्हती. तो इतिहास त्या डोंगरांतल्याच कोणी लिहावा. आम्हीं दुरून लिहिणें शोभणार नाहीं.

टिळकांविषयीं एक कठीण प्रश्न उरतो, आणि त्याला बगल देतां येत नाहीं. 1917 सालीं त्यांनीं मिशनचा पगार सोडला आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहण्याचा निश्चय केला. सातारा येथें त्यांनीं ‘देवाचा दरबार’ मांडला. संन्यास हा शब्द ऐकून महाराष्ट्राला कौतुक वाटलें. पण बायकोमुलें असलेल्या पुरुषाचा संन्यास ही कोणाच्या खर्चानें होणारी गोष्ट आहे? टिळकांनीं संसार टाकला नाहीं, बायको बरोबरच राहिली, हें खरें. पगार मात्र गेला, आणि पैशाची घडी बसविण्याचें काम पूर्वीप्रमाणेंच लक्ष्मीबाईंच्या अंगावर पडलें. चांगल्या बापानें घरच्यांची तरतूद करावी, असें पौलानेंच तिमथ्याला लिहिलेल्या पत्रांत बजावलें आहे. आणि ह्या कसोटीस टिळक पुरतेपणीं उतरत नाहींत, असें आम्हांस म्हणणें भाग आहे. त्यांच्या भक्तांनीं येथें अध्यात्माचें पांघरूण घातलें आहे. लक्ष्मीबाईंनीं तें घातलें नाहीं, म्हणून त्यांच्या पुस्तकावर आमचा अधिक विश्वास.

9 मे 1919 रोजीं टिळक वारले. मुलानें पुढें जें केलें त्यावरून बापाची परीक्षा करण्याची जुनी रीत आहे. ती सर्वस्वी न्याय्य नसली तरी येथें तिचा मोह आवरत नाहीं. देवदत्तांना वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें. त्यासाठीं आईनें आठवणी लिहून द्याव्या, अशी खटपट त्यांनीं केली, आणि त्यांतून 1934 पासून ‘स्मृतिचित्रें’ भागाभागांनीं बाहेर पडलीं. वडिलांचा राग, वडिलांचा उधळेपणा, सर्व त्यांत आलें. मुलानें तें खोडलें नाहीं. टिळकांनीं ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य दहा अध्याय लिहून अकराव्यांत अर्धवट टाकलें होतें. ज्या बाईला अक्षरओळख लग्नानंतर झाली, तिनें म्हातारपणीं त्याला चौसष्ट अध्याय जोडले, आणि 1936 सालीं ती गेली तेव्हांही काव्य पुरें झालें नव्हतें. उरलेला अखेरचा अध्याय देवदत्तांनीं लिहिला आणि 1938 सालीं तो ग्रंथ छापून निघाला.