'लाइट' : एका इंग्रजी शब्दाचा मराठी संसार

परळी वैजनाथ हे परंपरेने बारा ज्योतिर्लिंगांपैकी एकाचे स्थान मानले जाते. (देवघरही तोच मान सांगते, पण तो वाद येथे प्रस्तुत नव्हे.) ज्योतीच्या या क्षेत्री १९७१ साली औष्णिक विद्युत केंद्राचा ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला, १९८० साली २१० मेगावॅटचा संच त्यात आला. कागदोपत्री हे 'औष्णिक विद्युत केंद्र'. लोकांच्या तोंडी नुसते 'थर्मल'. इंग्रजीतील विशेषणाला परळीने असे विनासायास नाम करून टाकले. परंतु त्याहून विचारार्ह शब्द आहे तो थर्मलमध्ये जे निर्माण होते त्याचा. ती 'वीज' खरी. बोलण्यात मात्र ती 'लाइट' होय.

इंग्रजी कोशात 'लाइट' या एकाच उच्चाराचे दोन स्वतंत्र शब्द आहेत. 'प्रकाश' या अर्थाचा शब्द संस्कृतातील 'रुच्', 'रोचते' यांचा दूरचा सगोत्र, तर 'वजनाने कमी' या अर्थाचा शब्द 'लघु' याचा. या 'लघु'पासूनच प्राकृतात वर्णविपर्यय होऊन आपला 'हलका' सिद्ध झाला. तेव्हा कमी वजनाच्या वस्तूला 'हलकी' म्हणणारा आणि 'लाइट' म्हणणारा असे दोघे नकळत एकाच घराण्याचे शब्द वापरीत असतात. मात्र 'विद्युत्पुरवठा' हा अर्थ इंग्रजीत प्रस्थापित झाला नाही. तेथे 'लाइट' हे कार्य राहिले, कारणाला निराळे शब्द आले. मराठीने कार्याचे नाव कारणाला दिले.

असे का झाले असावे? मराठीपाशी 'वीज' हा 'विद्युत्', 'विज्जु' या परंपरेतून आलेला अस्सल शब्द होता. परंतु खेड्यात वीज म्हणजे आकाशातून पडणारी, झाडाखालच्या माणसाचा नि जनावराचा घास घेणारी. 'वीज आली' हे वाक्य घरात आनंदाने उच्चारण्याजोगे नव्हते. 'दिवा' या शब्दाचीही अडचण होती. दिवा 'विझला' म्हणणे अशुभ, म्हणून तो 'मालवायचा' किंवा 'शांत करायचा'. १९४८ पर्यंत निजामी राज्यात असलेल्या या मुलखात दक्खिनी 'बत्ती'ही परिचित होती. (संस्कृत 'वर्ति'पासून मराठीत 'वात' झालीच होती, तिची ही बहीण हिंदुस्थानीच्या वाटेने आली.) पण बत्तीला रॉकेलचा वास होता. 'लाइट' या परक्या शब्दाला ना भयाचा संसर्ग, ना अशुभाचा. ती जाऊ शके, येऊ शके, बंद करता येई. कोऱ्या शब्दाचा हा लाभ भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांनी फारसा लक्षात घेतलेला दिसत नाही.

या शब्दाचे मराठीपण सर्वांत स्पष्ट दिसते ते लिंगात. 'लाइट लावला', 'गाडीचा लाइट फुटला' येथे तो पुल्लिंगी, कारण मनात 'दिवा' आहे. 'लाइट गेली', 'लाइट आली' येथे स्त्रीलिंगी, कारण मनात 'वीज' आहे. हटविलेले शब्द असे आपले लिंग मागे ठेवून गेले. इंग्रजीला जो भेद करता आला नाही तो मराठीने प्रत्ययांनी केला. पुण्यामुंबईकडे 'लाइट गेले' असा अनेकवचनी प्रयोगही ऐकू येतो. तेथे विझलेल्या अनेक दिव्यांची कल्पना शिल्लक आहे. मराठवाड्यातील स्त्रीलिंगी प्रयोग त्यापुढचा होय. भर दुपारी 'लाइट आली' असे म्हणत शेतकरी मोटार चालू करावयास धावतो, तेव्हा त्या 'लाइट'मध्ये उजेडाचा अंशही उरलेला नसतो. 'थ्री फेज लाइट' हा शब्दप्रयोग तर इंग्रजाला सर्वथा अनाकलनीय ठरावा.

'लाइट घे' हा अलीकडील तरुणांचा प्रयोग मात्र दुसऱ्या, 'लघु'च्या कुळातील आहे: मनावर घेऊ नकोस, हा त्याचा अर्थ. हैदराबादच्या दक्खिनीत 'लाइट लो' प्रसिद्ध आहे. तो तेथून आला की स्वतंत्रपणे घडला, हे केवळ साम्यावरून ठरविणे धाडसाचे होईल.

महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात आणि पुरवणी १९५० साली निघाली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० ची आणि खेडोपाडी तारा पोहोचल्या त्या प्रामुख्याने त्यानंतर. म्हणजे या शब्दाचा खरा संसार त्या कोशकारांच्या पश्चात थाटला गेला. पुढील कोशकारास येथे 'इंग्रजी शब्द. प्रकाश, दिवा' एवढ्यावर भागवता येणार नाही. पुल्लिंगी नाम, स्त्रीलिंगी नाम आणि विशेषण अशा तीन नोंदी त्यास कराव्या लागतील आणि दुसऱ्या नोंदीखाली 'लाइट बिल', 'लाइटवाला' यांच्याबरोबर शेतातील पाळीही द्यावी लागेल. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे थर्मल बंद ठेवावे लागले. लाइटीसाठी पाणी हवे आणि विहिरीतले पाणी वर काढावयास लाइट हवी. 'आज रात्रीची लाइट आहे' असे सांगून शेतकरी निघतो तो कंदील किंवा बॅटरी घेऊनच, कारण त्या लाइटने बांधावर उजेड पडत नाही.