देवळालीची छावणी आणि परभाषेची परीक्षा

इंग्रजी शब्दकोशांत आमच्या देवळालीच्या नावाने एक शब्द आहे आणि तो फारसा भूषणावह नाही. 'डूलॅली' म्हणजे डोके फिरलेला. १८६१ च्या सुमारास इंग्रजांनी येथे छावणी वसवली. मुंबई बंदरात उतरलेल्या गोऱ्या पलटणी प्रथम येथे येत आणि मग आपापल्या ठाण्यांकडे रवाना होत. मुदत संपलेले शिपाई परतीच्या जहाजाची वाट पाहत येथेच थांबत. ही जहाजे हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. ज्याचा हंगाम हुकला त्याला काम ना धाम अशा स्थितीत कित्येक महिने काढावे लागत आणि मग त्याला 'डूलॅली टॅप' झाला असे त्याचे सोबती म्हणत. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका जुन्या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या शब्दाची हकीगत सांगितली आहे.

हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट आम्हांला मात्र वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. परमुलखातून आलेल्या प्रौढ माणसाने भाषा कशी उचलली, याचा तो एक पुरावा आहे. 'देखो'चे 'डेको', 'विलायती'चे 'ब्लायटी', 'जल्दी'चे 'जिल्दी' करून हे शिपाई बाजारहाट उरकत. त्यांना कोणी शिकवले नाही आणि त्यांची कोणी परीक्षाही घेतली नाही. त्यांची गरज तेवढीच होती आणि त्यांची भाषाही तेवढीच राहिली. हुकूम देण्यापलीकडे ती फारशी गेली नाही.

त्यांच्यावरच्या अधिकाऱ्यांची गोष्ट निराळी. हिंदी फौजेत नेमणूक टिकवायची तर अधिकाऱ्याला हिंदुस्थानीची परीक्षा उतरावीच लागे. मुनशी ठेवून, घोकंपट्टी करून हे तरुण 'लोअर स्टँडर्ड' व 'हायर स्टँडर्ड' अशा पायऱ्या चढत. या परीक्षांचे मूळ कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात आहे. लॉर्ड वेलस्लीने ते १८०० साली स्थापिले. तेथे विल्यम केरी बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि कोश १८१० साली निघाला. या कॉलेजातील विद्यार्थी गव्हर्नर जनरलसमोर एतद्देशीय भाषांत जाहीर वादविवाद करीत. सोहळा थाटाचा असे यात शंका नाही. परंतु तो तरुण उद्या एखाद्या जिल्ह्यात जाऊन बसणार होता. तेथे त्याच्यापुढे येणारा शेतकरी वादविवाद करणार नव्हता. सारा वसूल करणाऱ्याने आपला बैल ओढून नेला, एवढेच सांगणार होता, आणि तेही आपल्या गावच्या बोलीत.

याच कॉलेजासाठी मीर अम्मन यांनी 'बाग-ओ-बहार' ही चार दरवेशांची कथा लिहिली. ग्रंथ रसाळ आहे, त्याची उर्दू नितळ आहे. पण पुढे तोच परीक्षेचा ग्रंथ होऊन बसला आणि अधिकाऱ्यांच्या पिढ्या त्यातले उतारे घोकीत राहिल्या. दरवेशाची कहाणी अस्खलित वाचणाऱ्या साहेबाला, भावकीने शेत बळकावले म्हणून रजा मागणाऱ्या शिपायाचे बोलणे कळलेच असेल, याची खात्री त्या परीक्षेतून मिळत नव्हती. परीक्षेत जे विचारले जाते तेच शिकले जाते, हा अनुभव दहावीचे मूल घरात असलेल्या प्रत्येक आईबापाला आहेच.

तथापि त्या परीक्षकांना सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. त्यांच्या परीक्षेत दोन गोष्टी खऱ्या होत्या. एक, समोर बसलेल्या हिंदी माणसाशी प्रत्यक्ष संभाषण. दुसरी, अर्जी. परीक्षक मंडळाचे चिटणीस राहिलेले जॉर्ज रँकिंग यांनी १८८९ च्या सुमारास हिंदुस्थानीचे जे मार्गदर्शक पुस्तक काढले, त्यात हस्ताक्षरातील अर्ज्यांचा संग्रहच दिला होता. त्या अर्ज्यांत छापील अक्षरांचे वळण नव्हते. नुक्ते गाळलेली, घाईघाईने ओढलेली ती लिपी होती. अधिकाऱ्याच्या टेबलावर रोज येणारा कागद अगदी असाच असे. तो वाचता आला तर अर्जदाराला न्याय मिळण्याची शक्यता, नाही तर सारे कारकुनाच्या हाती. शंभर वर्षांच्या त्या प्रश्नपत्रिकांतून एकच प्रश्न निवडायचा झाला तर आम्ही डोळे मिटून अर्जीचा निवडू.

आपल्या ख्रिस्तसभेला ही अडचण त्याहीपूर्वी दोन शतके भेडसावली होती. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले तेव्हा तिशीचे होते, म्हणजे चांगले प्रौढ. ज्या माणसाने पुढे १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापून दिले, त्याने कोकणीचे व्याकरणही रचले. ते त्याच्या निधनानंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. १६०६ सालच्या गोव्याच्या प्रांतिक धर्मपरिषदेने, धर्मग्राम सांभाळणाऱ्या धर्मगुरूला लोकांची भाषा आलीच पाहिजे असा आग्रह धरला होता. यामागचे कारण अगदी व्यवहाराचे होते. पापनिवेदनाच्या वेळी मध्ये दुभाषा बसला तर मन मोकळे करणे अवघड जाते. मरणपंथाला लागलेली म्हातारी जे पुटपुटते ते एकदाच पुटपुटते. त्या खाटेजवळची परीक्षा ज्याला देता येत नाही, त्याने लॅटिनमध्ये कितीही गुण मिळवले असले तरी त्या घरच्यांना त्याचा काय उपयोग?

पुढे वारे उलट फिरले. २७ जून १६८४ रोजी गोव्याचा व्हाइसरॉय काउंट आल्व्होर याने फर्मान काढले की लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करावी. शिकण्याचा भार धर्मगुरूवरून उचलून शेतकऱ्यावर टाकला गेला. तीन वर्षांत नेमके काय यायला हवे, कोणते काम त्या भाषेत पार पाडता आले म्हणजे ती आली असे समजावे, याचा विचार त्या फर्मानात नव्हता. फर्मानाने भाषा येत नाही. कोकणी जिवंत राहिली, हे वाचकांना सांगायला नकोच.

आता गोव्याहून परत आपल्या शेजारी येऊ. नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून आपल्यापैकी पुष्कळांचे जाणेयेणे असते. १८५४-५५ च्या सुमारास तेथे चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ख्रिस्ती वसाहत उभारली. गुलामांच्या जहाजांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुले व तरुण येथे आणले जात. घर तुटलेले, भाषा तुटलेली अशी ही माणसे. त्यांना सुतारकाम, लोहारकाम आणि इंग्रजी शिकवले जाई. 'नासिक बॉइज' या नावाने ते आफ्रिकेच्या इतिहासात ओळखले जातात. हे कार्य प्रॉटेस्टंट बांधवांचे. आपल्या पंथाचे नाही म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे कोतेपणाचे ठरेल.

त्यांच्यातला याओ जमातीचा जेकब वेनराइट १८७२ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या तांड्यात दाखल झाला. मे १८७३ च्या आरंभी, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन गुडघे टेकलेल्या स्थितीत मृतावस्थेत आढळले. त्या रानात दुसरा गोरा माणूस नव्हता. मृताच्या सामानाची यादी करणे भाग होते, नाही तर उद्या चोरीचा आळ सोबत्यांवर आला असता. ती यादी जेकबने लिव्हिंग्स्टन यांच्याच वहीत इंग्रजीत लिहिली. त्यांचे हृदय झाडाखाली पुरताना प्रार्थनापुस्तकातील अंत्यविधी त्याने वाचला. झाडाच्या खोडावर नाव व तारीख त्यानेच कोरली. पुढे मृतदेह खांद्यावर घेऊन समुद्रकिनाऱ्यापर्यंत कित्येक महिने सोबत्यांनी जी पायपीट केली, त्या प्रवासाची रोजनिशी त्याने लिहिली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता.

यादी, विधिवाचन, खोडावरचा लेख, रोजनिशी. चारही कामे इंग्रजीत, चारही ठिकाणी वाचणारा निराळा, आणि चुकले तर नुकसान खरे. नाशिकच्या कोणत्या शिक्षकाने त्याला यादी करायला शिकवले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. सुतारशाळेतल्या हत्यारांची मोजदाद करता करता ते जमले असेल, असे आम्ही आपले मनाशी धरतो.

आमच्या छावणीत परमुलखातले लोक त्यानंतरही येत राहिले. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी येथे पडली. ती मंडळी मराठी शिकली ती दुकानाच्या गल्ल्यावर बसून, आणि त्यांची परीक्षा गिऱ्हाइकांनी घेतली. तोफखान्याचे विद्यालयही येथे आहे. त्यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यांतली कुटुंबे आजही येतात आणि जातात.

आता प्रवाहाची दिशा पालटली आहे. आपल्या धर्मग्रामांतील मुली परिचारिका होऊन परदेशी जातात, आणि नवखेपण त्यांच्या वाट्याला येते. १९८९ साली सुरू झालेली 'आयेल्ट्स' परीक्षा बहुतेकींना ठाऊक आहे. तिच्या विद्यापीठीय प्रकारात आलेखाचे वर्णन करा आणि अडीचशे शब्दांचा निबंध लिहा, असे प्रश्न असतात. रात्रपाळीत रुग्णाचा श्वास लागला असता आलेखाचे वर्णन कोण मागणार? ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आलेली 'ओईटी' ही परीक्षा या दृष्टीने अधिक न्याय्य आहे. तीत परिचारिकेला रुग्णाचे टिपण देतात आणि त्यावरून पुढच्या संस्थेला पत्र लिहायला सांगतात; रुग्णाच्या किंवा नातेवाइकाच्या भूमिकेतील माणसाशी तिला सुमारे पाच-पाच मिनिटे दोन वेळा बोलावे लागते. हे पत्र म्हणजे रँकिंगच्या अर्जीचीच नात म्हणायला हरकत नाही. ब्रिटनच्या परिचारिका मंडळाने २०१७ पासून ही परीक्षा ग्राह्य धरली आहे. कॅनडात १९९२ पासून नवागत प्रौढांसाठी सरकारी भाषावर्ग चालतात. मूल आजारी आहे हे शाळेला फोनवर कळवणे, घरमालकाकडे गळक्या नळाची तक्रार करणे, असली कामे तेथे कसोटी म्हणून देतात आणि त्यांचे कागद ज्याच्या त्याच्या संग्रहात जपून ठेवतात.

अशा परीक्षा महाग पडतात, हेही सांगितले पाहिजे. निबंध शेकडो उमेदवारांना एका दिवसात देता येतो. संभाषणाला दर उमेदवारामागे एक माणूस लागतो, आणि दोन परीक्षकांचे गुण सहसा जुळत नाहीत. शिवाय एकदा दिलेले काम पुन्हा देता येत नाही. मुनशी पूर्वीही होते, आजही आहेत. प्रश्न फुटला की उत्तर पाठ होते.

आमच्या धर्मग्रामाच्या सायंवर्गात आम्ही आमच्या कुवतीप्रमाणे असे प्रश्न तयार करतो. कागद खराच घ्यायचा, हा पहिला नियम: औषधाची पट्टी, बँकेचा अर्ज, विजेचे बिल. ऐकणाऱ्याला उत्तर आधी ठाऊक नसावे, हा दुसरा. म्हणून परीक्षक टेबलाच्या पलीकडे पाठ करून बसतो आणि मुलगी इंग्रजीत सांगेल तेवढ्यावरून गोळ्यांच्या वेळा लिहून घेतो. गुण देताना आधी पाहायचे ते काम झाले की नाही. 'शी टेक टू टॅब्लेट आफ्टर फूड' म्हणणारी उत्तीर्ण होते, कारण रुग्णाला दोनच गोळ्या आणि जेवणानंतरच मिळतात. व्याकरणशुद्ध वाक्यात 'बिफोर फूड' म्हणणारी अनुत्तीर्ण. आणि न समजल्यास 'पुन्हा सांगाल का' असे धीटपणे विचारणारीचे गुण आम्ही कापत नाही, उलट वाढवतो. यावर पालकांनी आमच्याशी हुज्जत घातलेली आहे. येत्या सत्रासाठी निवृत्त परिचारिकांपैकी कोणी रुग्णाची भूमिका करायला तयार असतील तर त्यांनी मिस्सानंतर आम्हांला भेटावे. म्हातारा, बहिरा आणि किंचित रागीट रुग्ण वठवणारी व्यक्ती आम्हांला विशेष हवी आहे.