पश्चात्ताप की प्रायश्चित्त? १८४३ मधील एका मुलाचा प्रश्न

नव्या करारातील ‘मेटानॉइया’ या ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलने ‘पश्चात्ताप’ हा शब्द पत्करला. ग्रीक शब्दात मन पालटण्याचा अर्थ आहे. मराठी शब्दात कृत्य घडून गेल्यावर मागाहून होणारा जाळ. हा फरक केवळ कोशकारांपुरता नाही, असे श्रीपत शेषाद्री प्रकरणाचा विचार करताना मला वाटू लागले.

१८४३ मध्ये स्कॉटिश मिशनच्या प्रभावाखाली आलेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. तोही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, पण त्यांच्या घरचे अन्न पोटात गेले होते. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. चारच वर्षांपूर्वी धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाला कोर्टाने आपल्या मर्जीप्रमाणे राहण्याची मोकळीक दिली होती. श्रीपत मात्र अजाण ठरला आणि वडिलांच्या ताब्यात गेला.

खरा वाद सुरू झाला तो यानंतर. मुलगा घरी आला, पण जातीत कसा यावा? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी बाजू घेतली की प्रायश्चित्त देऊन त्याला शुद्ध करून घ्यावे. सनातन्यांना ते पटेना. मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. जांभेकरांचे हे धैर्य मला त्यांच्या पत्रकारितेइतकेच मोलाचे वाटते.

तरीही एक गोष्ट खटकते. कोर्टाने वय पाहिले, शास्त्री-पंडितांनी अन्न पाहिले. मुलाला झाल्या गोष्टीचा खेद होता का, हा प्रश्न या वादाच्या केंद्रस्थानी नव्हताच. येथे धर्मशास्त्रावर अन्याय नको: मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीच्या उपायांत अनुतापही सांगितला आहे, आणि आपल्या संतांनी तर अनुतापाशिवाय देव भेटत नाही असेच मानले. पण जातीच्या दारात चालतो तो विधी. तो कोणाला, कोणत्या कृत्याबद्दल, किती, हे जात, वय आणि दोष पाहून ठरते.

मिशनऱ्यांचा संदेश नेमका येथे बोचला. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात पौल अथेन्सच्या विद्वानांपुढे उभा राहून पश्चात्तापाची आज्ञा सर्व ठिकाणच्या सर्व माणसांना आहे, असे सांगतो. पापी म्हणवून घेणे ब्राह्मणाला नवे नव्हते. संध्येतही तो पापक्षालन मागतो. नवे होते ते ‘सर्व’. ज्या ओळीत महार-मांग, त्याच ओळीत आपण, आणि सुटकेची वाटही एकच: ख्रिस्तावरील विश्वास. त्यात पुरोहिताचा अधिकार नाही, दक्षिणा नाही, जातीप्रमाणे कमी-अधिक तोलही नाही.

अर्थात प्रचारकांनाही हे ‘सर्व’ सोपे गेले नाही. मुंबईतील स्कॉटिश मिशनची मोठी भिस्त इंग्रजी शिक्षणावर, म्हणजे बहुधा वरच्या जातींच्या मुलांवर होती. एकेक बाप्तिस्मा झाला की पालक मुले काढून नेत; धनजीभाईंच्या वेळी शाळा ओस पडू लागली होती. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनचे काम मात्र खेड्यांतल्या महार-मांगांत पसरत गेले.

नारायण शेषाद्रींचे पुढचे आयुष्य मला म्हणूनच अधिक बोलके वाटते. फ्री चर्चचे दीक्षित पाळक झाल्यावर ते मुंबईतच मानाने राहू शकले असते. ते निजामाच्या मुलखात जालन्याला गेले. शहराजवळ त्यांनी बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. बेथेल म्हणजे हिब्रूत देवाचे घर. त्या गावात आलेले पुष्कळसे मांग होते. धाकट्या भावाला ब्राह्मणांच्या पंक्तीत परत बसता येईल का, यावर मुंबईत वाद झडला होता. थोरल्याने आपली पंक्ती मांगांबरोबर मांडली.