व्यसनातून सावरलेला कार्यकर्ता इतरांना आधार देतो. मग त्याला आधार कोण देतं?

पीअर सपोर्ट म्हणजे काय?
व्यसनातून किंवा मानसिक आजारातून सावरलेली व्यक्ती प्रशिक्षण घेऊन त्याच त्रासातल्या दुसऱ्याला साथ देते, त्याला ‘पीअर सपोर्ट’ म्हणतात. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनमुक्त झालेली माणसंही कार्यकर्ते म्हणून काम करतात. ‘मीही यातून गेलोय’ हे त्यांचं वाक्य रुग्णाला पटतं.

देखरेख का लागते?
कारण हाच अनुभव धोक्याचाही असतो. समोरच्याचं ऐकताना स्वतःचे जुने दिवस आठवतात, पुन्हा पिण्याची ओढ लागू शकते. रात्री-अपरात्री येणारे फोन, उसने मागितलेले पैसे, गावात गुपित राखणं, या सगळ्याचा ताणही असतो.

पर्यवेक्षक नेमकं काय करतो?
तो फक्त हजेरी आणि रजिस्टर तपासत नाही. ठरलेल्या दिवशी भेटून कोणती केस जड जातेय आणि कार्यकर्ता स्वतः कसा आहे, हे विचारतो. रुग्णाने आत्महत्येचा विचार बोलून दाखवला, तर त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवायची व्यवस्था करतो. कार्यकर्ता पुन्हा व्यसनाकडे वळला तर काय, हेही आधीच ठरलेलं हवं: काम थांबवणं, उपचार आणि परतीचा मार्ग. नोकरी जाण्याची भीती असेल, तर तो ते लपवेल.

सोबतीच देखरेख करू शकतात का?
गोव्यात ‘संगथ’ संस्थेने नैराश्य आणि दारूच्या समस्येसाठी डॉक्टर नसलेले समुपदेशक तयार केले. ते एकमेकांच्या सत्रांचं रेकॉर्डिंग गटात ऐकून ठरलेल्या निकषांवर गुण देत. सुरुवातीला तज्ज्ञ सोबत असत, पुढे गटाची जबाबदारी समुपदेशकांनीच घेतली. म्हणजे तज्ज्ञ कमी असलेल्या भागातही देखरेख शक्य आहे.

वाशीमसाठी हे महत्त्वाचं का?
राज्य सरकारने २०१५ मध्ये शेतकऱ्यांसाठी सुरू केलेल्या ‘प्रेरणा प्रकल्पा’च्या १४ जिल्ह्यांत वाशीम आहे. त्यात आशा सेविका घरोघरी जाऊन तणावातली माणसं ओळखतात. त्या व्यसनातून सावरलेल्या कार्यकर्त्या नसल्या, तरी त्याच गावच्या आहेत. गावावरचं संकट त्यांच्याही घरात असतं. त्यामुळे ‘किती घरं झाली?’ याआधी ‘ताई, तुम्ही कशा आहात?’ हे विचारणारं कुणीतरी त्यांनाही हवं.

मदत हवी असल्यास टेली-मानस हेल्पलाइन: १४४१६ (मोफत, २४ तास).